देवळालीच्या वाचनालयाचं कपाट

देवळाली प्रवरा,
५ जानेवारी १९७२

नूरू,

तुझा राजूरचा पत्ता मला राहुरीच्या बाजारात फरीदाच्या चुलतभावाकडून मिळाला. तो आधी देईना. म्हणाला, "नूरुद्दीनभाईला इचारून देतो." मी म्हटलं, कामाचं विचारायचंय, दुसरं काही नाही. तेव्हा त्यानं बिडीच्या कागदावर लिहून दिला. म्हणून आधीच सांगतो, हे पत्र कामाचं आहे.

चावडीशेजारच्या खोलीत गाव वाचनालय काढतंय. शाळेतल्या कारभारी गुरुजींनी मनावर घेतलंय. नगरचे एक वकील वारले, त्यांचं आजोळ इथलं, त्यांनी मरणाआधी आपली सगळी पुस्तकं गावाला लिहून दिली. अकरा पोती भरून आली. आता ती गुरुजींच्या पडवीत आहेत आणि उंदरांनी वाचायला सुरुवात केलीय. त्या पुस्तकांसाठी कपाट करायचं काम माझ्याकडं आलं. उंची सात फूट, रुंदी चार, आत सहा फळ्या, पुढं काचेची दारं. लाकूड सागवानी.

आपण दोघांनी दारं केली, खिडक्या केल्या, पाळणे केले, पण पुस्तकांचं कपाट कधी केलं नाही. तुझ्या वडिलांनी, नूरमहंमद चाचांनी, एकदा एका शाळेला केलं होतं. तेव्हा आपण त्यांच्या हाताखाली नुकतेच लागलो होतो आणि आपल्याला लाकूड चिकटवायचा सरस उकळायला बसवलं होतं. तू त्या वेळी कपाटाकडं बघितलं असशील. मी सरसाकडंच बघत होतो.

विचारायचं ते एवढंच, फळी किती जाडीची घ्यायची? मी करवतीच्या मशीनवर पाऊण इंची कापल्यात. दिसायला देखण्या झाल्यात, रंदाही फारसा मारावा लागला नाही. पण मनाला खात्री वाटत नाही.

मशीन तिथंच आहे, खिडकीखाली. एकटाच चालवतो. तू गेल्यापासून दुसरा भागीदार घेतला नाही.

हाताचं कसं आहे ते कळव. थंडीत दुखतं म्हणतात. झालं ते नशिबात होतं, त्यावर मी काही लिहीत नाही.

लंकाचा फरीदाला नमस्कार.

गोरक्ष


देवळाली प्रवरा,
३० जानेवारी १९७२

नूरू,

उत्तर आलं नाही. पत्ता चुकला असेल असं धरून पुन्हा लिहितोय.

फळ्या वाकल्या. कपाट आडवंउभं जोडून झालं, सरस वाळला, तेव्हा गुरुजी म्हणाले, जरा पुस्तकं ठेवून बघू. कायद्याची जाड पुस्तकं होती, ती पहिल्यांदा लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर फळी मधोमध खाली आलेली, दोरीवर ओलं धोतर टाकल्यासारखी. अर्धा इंच तरी असेल. पुस्तकं काढली तरी ती पूर्ण सरळ झाली नाही. गुरुजींनी पुस्तकं परत पोत्यात भरली, एकेक पुसून. ते बघवलं नाही.

जाताना त्यांनी विचारलं, "गोरक्ष, नूरुद्दीनचं नेमकं काय झालं हुतं? तो तर लई जपून काम करायचा."

मी सांगितलं, जे सगळ्यांना सांगितलंय तेच. लाईट गेली होती, त्याचा खटका बंद करायचा राहिला, लाईट आली तेव्हा हात चकतीत होता. गुरुजी म्हणाले, "माणसाची नजरचूक व्हायला एक क्षन पुरतो." मी म्हटलं, व्हय.

ते गेल्यावर मी बराच वेळ त्या वाकलेल्या फळीवर पाय ठेवून उभा होतो. कशासाठी ते माहीत नाही.

फळ्यांचं कळव. दोन ओळी टाकल्यास तरी चालेल.

गोरक्ष


राजूर,
८ फेब्रुवारी १९७२

फळी सव्वा इंची घे. चार फुटांचा गाळा मोकळा ठेवू नको, मध्ये उभी फळी दे. पुस्तकं ज्वारीपेक्षा जड असतात. फळ्या बाजूच्या लाकडात खाच करून बसव, नुसत्या पट्टीवर टेकवू नको. खाच पटाशीनं कर, मशीननं नको.

नूरुद्दीन


देवळाली प्रवरा,
२० फेब्रुवारी १९७२

नूरू,

तुझं कार्ड आलं. अक्षर ओळखू आलं नाही, मग लक्षात आलं, डाव्या हातानं लिहिलंयस. 'खाच' मधला 'ख' तू अजून तसाच लिहितोस, शाळेत मार खाल्ला होतास तसा. लंकानं ते कार्ड देवापुढं ठेवलं. मी म्हटलं, अगं, त्यात फळीची मापं आहेत. ती म्हणाली, "असू द्या."

तू सांगितलंस तसं चाललंय. कपाट पूर्ण उकललं. बाजूच्या दोन फळ्यांवर रेघा मारल्या आणि खाचा पटाशीनं काढतोय. एका खाचेला अर्धा दिवस जातो. हात सुटलाय माझा, नूरू. मशीन आल्यापासून पटाशीला धार लावायचीसुद्धा सवय गेली. पहिली खाच वाकडी झाली, ती खालच्या बाजूला घेतली, दिसणार नाही.

परवा तुझ्या अम्माकडं गेलो होतो. तू गेल्यापासून मी तिच्या दारात दोनदाच गेलो असेन. तब्येत बरी आहे. गुडघे धरतात, पण मशिदीमागच्या आडावरून पाणी स्वतः आणते. तू राजूरला बोलावलंस तरी आली नाही, म्हणाली, "त्याचा बाप इथं मातीत हाय, मी कुठं जाऊ." तिनं चहा केला. मी तुझं कार्ड आलं म्हणून सांगितलं. तिनं विचारलं, "माझ्यासाठी काय लिव्हलंय?" मी खोटंच सांगितलं की सलाम लिहिलाय.

मग ती बोलायला लागली. "लहानपनापासनं धांदरट. ह्याचा बाप सांगून सांगून थकला, हत्यार ठेवल्याबिगर हात काढू नको. जाताना मी त्याच्या तोंडावर बोलले, गोरख. म्हटलं, हात गेला तो तुझ्या धांदरटपनानं, आता बायकोच्या भावाच्या दारात जाऊन बस. पिशवी उचलली आन् गेला."

मला हे ठाऊक नव्हतं. तू तिच्याशी भांडून गेलास एवढंच मला वाटलं होतं.

एक गोष्ट मी तुला कधी बोललो नाही ती लिहितो. चकतीवरचं पत्र्याचं झाकण मी काढलं होतं. तू सुट्टीवर होतास त्या दिवशी. जाड लाकूड त्याखालून नीट जात नव्हतं आणि त्या कंत्राटदाराच्या चाळीस खिडक्या डोक्यावर होत्या. तू आल्यावर विचारलंस तेव्हा मी म्हटलं, दुरुस्तीला दिलंय. ते दुरुस्तीला नव्हतं, माळ्यावर होतं. झाकण असतं तर कदाचित एवढं झालं नसतं.

अम्मासमोर हेसुद्धा बोललो नाही. चहा पिऊन आलो.

गोरक्ष


देवळाली प्रवरा,
२६ मार्च १९७२

नूरू,

गेल्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस, ते बरोबरच आहे. झाकणाचं लिहून मी मोकळा झालो असं स्वतःला समजावत होतो. परवा जे घडलं ते सांगतो.

सव्वा इंची फळ्या मशीनवर कापत होतो. शेवटच्या फळीची एक ढलपी चकती आणि टेबलाच्या फटीत अडकली. मी खटका बंद केला, चकती थांबली, वाकून बोटांनी ती ढलपी ओढायला लागलो. तेवढ्यात लंका चहा घेऊन आली. ढग आल्यानं आत अंधारलं होतं, म्हणून तिनं दिव्यासाठी भिंतीकडं हात केला. दिव्याचा खटका आणि मशीनचा खटका एकाच फळकुटावर शेजारी आहेत, तुला माहीत आहे.

मी एवढ्यानं ओरडलो की तिच्या हातातली कपबशी फुटली. तिनं फक्त दिवाच लावला होता.

मी खाली बसलो. हात आपोआप छातीशी धरला होता. लंका फुटलेल्या कपबशीचे तुकडे गोळा करू लागली. मग म्हणाली, "त्या दिशी लाईट गेली न्हवती."

मी म्हटलं, तुला काय माहीत.

"मी गिरणीत हुते. दळान संपेस्तोवर बसले हुते. गिरन एकदाबी थांबली न्हाई. तुमी गावाला लाईट गेली म्हनून सांगत हुता आन् मी ऐकत हुते. सव्वा वर्स झालं. मी तुमाला कधी इचारलं न्हाई, कारन तुमी काय सांगाल त्याचं मला भ्या वाटत हुतं."

नूरू, लाईट गेली नव्हती. तू खटका बंद केला होतास. तो चालू मी केला.

त्या दिवशी मी कंत्राटदाराकडून आलो होतो. त्यानं चार माणसांत मला बोल लावले होते, खिडक्या वेळेवर झाल्या नाहीत म्हणून. रस्ताभर डोकं तापलेलं. दारातून आत आलो तर मशीन बंद. मला वाटलं, मी तिथं शिव्या खातोय आणि इथं काम थांबलंय. भिंतीकडं गेलो आणि खटका टाकला. त्याआधी मी तुझी पाठ बघितली होती. तू वाकलेला होतास. 'बघितली नव्हती' असंच मी आधी लिहिलं होतं. तो कागद फाडला, हा दुसरा आहे. मी बघितलं आणि विचार केला नाही. विचारलंही नाही. एक हाक मारली असती तर पुरलं असतं.

दवाखान्यात नेताना टेम्पोत तुझा हात माझ्या मांडीवर होता, माझ्या उपरण्यात बांधलेला. तू विचारलंस, "गोरख, म्या खटका बंद केला हुता ना रे?" तेव्हा मला सांगता आलं असतं. मी म्हटलं, "लाईट गेली हुती म्हणून मशीन थांबलं. खटका तसाच हुता. लाईट आली." तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, "मग माझीच चूक." मी ती तुझ्याकडं राहू दिली. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं तेव्हा तेच सांगितलं. गावात तेच सांगितलं. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली, नंतर नाही.

तू काय करावंस ते मी सांगत नाही. पोलिसांत गेलास तर मी हेच सांगेन. कागद जपून ठेव, खाली सही आहे.

गोरक्ष भिकाजी सुतार


राजूर,
११ एप्रिल १९७२

गोरख,

तुझं पत्र फरीदानं वाचून दाखवलं. मग तिला बाहेर पाठवून मी स्वतः दोनदा वाचलं. हे लिहायला मला तीन दिवस लागले, डावा हात लवकर थकतो.

सतरा महिने मी रोज तो खटका बंद करतोय. झोपताना, जेवताना. हात वर गेलेला मला दिसतो, खटका बंद झाल्याचा आवाज येतो, आणि मग तू म्हणाला होतास ते आठवतं की मी बंद केलाच नव्हता. मग वाटायचं, माझं डोकंच मला फसवतंय. मेव्हण्याचं बांगड्यांचं दुकान आहे, तिथं बसतो. पेटी बंद केली की उघडून बघायचो, बंद केली होती का. घराला कडी लावायची, दहा पावलं जायचं आणि परत येऊन कडी बघायची. बाजारात लोक हसायचे. पहिले काही महिने डाव्या हातानं रंदा धरायला शिकत होतो, पोळपाट करत होतो. ते सोडलं. आपला हात काय करतो ते ज्याला आठवत नाही, त्यानं हत्यार धरू नये असं वाटलं.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कडी लावली आणि बाजारात गेलो. मागं आलो नाही.

मशीनवर बोटं जातात. अब्बांच्या ओळखीतल्या किती जणांची गेली. रागाच्या भरात तू एक चूक केलीस, ती मी कधीतरी गिळेन. पण टेम्पोत मी तुला विचारलं होतं. त्या वेळी माझ्याजवळ दुसरं कुणी नव्हतं. माफ केलं असं मी लिहीत नाही, कारण तसं अजून झालेलं नाही.

पोलिसांचं काही नको. एक काम कर. अम्माला सांग. मी सांगितलं तर ती म्हणेल, दुसऱ्यावर ढकलतोय. तू तिच्यासमोर बसून सांग.

दारांना काच लावायची घाई करू नको. आधी चौकटी आठ-दहा दिवस नुसत्या टांगून ठेव. उन्हाळ्यात लाकूड आकसतं.

नूरुद्दीन


देवळाली प्रवरा,
२ मे १९७२

नूरू,

तुझं पत्र आल्यावर चार दिवस मी अम्माच्या गल्लीतून गेलोच नाही. पाचव्या दिवशी लंका म्हणाली, "मी येऊ का संगं?" तेव्हा लाज वाटली आणि एकटा गेलो.

अम्मा दारात गहू निवडत होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. सगळं, टेम्पोतलंसुद्धा. ती निवडत राहिली. माझं संपल्यावरही निवडत राहिली. मग म्हणाली, "त्या दिशी तू इथंच बसला हुतास. माझ्या हातचा चहा पीत. मी माझ्या लेकाला धांदरट म्हनत हुते आन् तू ऐकत हुतास."

"व्हय, अम्मा."

"ऊठ."

मी उठलो. तिनं सूप आत नेलं आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपल्या कारखान्यात आली. गुडघे धरत, काठी टेकत. मी बसायला पाट दिला, तिनं घेतला नाही. म्हणाली, "मला राजूरला न्हे. मी त्याला जे बोलले ते मला परत घ्यायचंय, आन् ते कागदावर घेता येत न्हाई. तुझ्यासंगं यायची मला हौस न्हाई. पन मला गाड्या बदलता येत न्हाईत आन् दुसरं कोन न्हेनार."

काल महाराष्ट्र दिन होता, वाचनालय उघडलं. कपाट उभं आहे. मध्ये उभी फळी दिलीय, बारा कप्पे झाले. कायद्याची सगळी पुस्तकं खाली लावली तरी एक रेषभर फरक नाही. गुरुजींनी मला पुढं बोलावलं आणि नारळ द्यायला लागले. मी म्हटलं, थांबा. कपाट माझ्या हातचं आहे, पण मापं नूरुद्दीनची आहेत. त्याच्याविषयी मी गावाला जे सांगितलं ते खोटं होतं. आणि खरं काय ते सांगितलं. शब्द पुढंमागं झाले, पण सांगितलं.

मग मागून सहादेव पाटील म्हणाले, "आज शुभ दिवस, आजच काढायचं हुतं का हे?" आणि उठून गेले. त्यांच्या नव्या घराच्या चौकटींचं काम माझ्याकडं होतं, ते आज सकाळी निरोप पाठवून त्यांनी काढून घेतलं. गुरुजींनी नारळ माझ्या हातात दिला नाही. कपाटापुढं ठेवला. मला ते योग्य वाटलं.

मशीन मी विकलेलं नाही. पत्र्याचं झाकण माळ्यावरून काढून परत बसवलंय आणि मशीनचा खटका दिव्यापासून लांब, टेबलाच्या पायाशी घेतलाय. आता तिथं उभ्या असलेल्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागत नाही.

अम्माला घेऊन मी येत्या बुधवारी, दहा तारखेला निघतो. संगमनेरला गाडी बदलून दुपारपर्यंत अकोले गावच्या स्टँडवर येऊ. तिथवर मी आणतो. पुढं राजूरला माझं काही काम नाही हे मला समजतं. मी तुला दिसू नये असं वाटत असेल तर अम्माला घ्यायला फरीदाला पाठव. मी तिला बघितलं की अम्माचं गाठोडं देईन आणि तिथनंच परत फिरेन. वाईट वाटून घेणार नाही.

गोरक्ष


११ मे १९७२

सौ. लंकाबाई हिस,

मी काल परत आलो नाही म्हणून तू काळजी करत असशील, म्हणून लगेच लिहितोय. मी येईपर्यंत शेजारच्या भागूबाईला सोबतीला बोलाव.

अम्मा संगमनेरपर्यंत माझ्याशी बोलली नाही. खिडकीकडं तोंड करून बसली होती. संगमनेरला दुसऱ्या गाडीची वाट बघताना तिनं फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढं धरली. माझ्याकडं न बघताच. मी खाल्ली.

अकोल्याच्या स्टँडवर उतरलो तर फरीदा कुठं दिसेना. मला वाटलं, पत्र पोचलं नाही. मग नळाशेजारी नूरू उभा दिसला. वाळलाय. दाढी ठेवलीय. उजवा हात सदऱ्याच्या खिशात होता. अम्मा काठी टाकून त्याच्याकडं गेली आणि तिनं पहिल्यांदा तो हात खिशातून बाहेर काढला. दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, मी लांब गाठोड्यापाशी उभा होतो. नूरू मान हलवत होता आणि तिचे डोळे पुसत होता.

मी काठी उचलली, गाठोडं त्यांच्याजवळ नेऊन ठेवलं आणि संगमनेरची गाडी कुठं लागते ते बघायला वळलो.

मागून तो म्हणाला, "दारं घासतात का?"

मी म्हटलं, "एक घासतं. उजवीकडचं."

"काच घाईनं लावली असशील."

"व्हय. सहाव्या दिवशीच."

मी तिथंच थांबलो, काय करावं ते कळेना. तेवढ्यात राजूरची गाडी लागली. बाजारकरी माणसं पाट्या, कोंबड्या घेऊन धावली. त्यानं अम्माला धरून चढवलं, खिडकीशी बसवलं, गाठोडं तिच्या मांडीवर दिलं. मी खालीच होतो. कंडक्टर त्याच्यापाशी आला आणि म्हणाला, "बोला, कुठं?"

नूरूनं खिडकीतून माझ्याकडं बघितलं. मग कंडक्टरला म्हणाला, "राजूर. तीन द्या."